प्राणी विकायचे किंवा दाखवायचे असतील, तर आधी डॉक्टर ठरवा

रात्री उशिरा फोन येतो. "डॉक्टर, पिल्लू सकाळपासून काहीच खात नाहीये." मी विचारते, ते तुमच्याकडे आलं कधी? कुठून आलं? त्याच्या आईला लशी दिल्या होत्या का? शेजारच्या पिंजऱ्यात कोण आहे? काल त्याचं वजन किती भरलं होतं? शेवटच्या प्रश्नापर्यंत पलीकडचा माणूस बहुतेक वेळा गप्प झालेला असतो. त्याचा जनावरांवर जीव नसतो असं मुळीच नाही, तो आवाजातच कळतो. पण या प्रश्नांची उत्तरं आधीपासून लिहून ठेवायची असतात, हे त्याला धंदा सुरू करताना कुणी सांगितलेलं नसतं.

ते सांगण्यासाठी हा लेख. तुम्ही पिल्लं, पक्षी, ससे, मासे किंवा सरपटणारे प्राणी विकणार असाल, पैदास करणार असाल, किंवा लोकांना प्राणी पाहता यावेत, हाताळता यावेत अशी जागा काढणार असाल, तर कायद्याचे बारकावे देशागणिक वेगळे असतात. परवाना काढताना तुमच्याकडचे नियम मुळातून वाचा. मागण्यांचा गाभा मात्र बहुतेक ठिकाणी सारखाच असतो: नेमलेला पशुवैद्य, लेखी योजना, ठरलेल्या भेटी, आजारी आणि नव्या जनावरांसाठी वेगळी जागा, शिकवून तयार केलेली माणसं आणि नोंदी.

हे नियम उगाच आलेले नाहीत. १९६५ साली अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या एका कुटुंबाची पेपर नावाची डाल्मेशियन कुत्री चोरीला गेली. व्यापाऱ्यांच्या हातून फिरत ती न्यूयॉर्कमधल्या एका प्रयोगशाळेत पोचली आणि तिथेच मेली. त्यावरून लोक खवळले आणि १९६६ मध्ये कायदा झाला. आधी तो प्रयोगशाळा आणि व्यापाऱ्यांपुरता होता, १९७० मध्ये प्राण्यांचं प्रदर्शन करणारेही त्यात आले. ब्रिटनमध्ये त्याच १९६५ मध्ये, पाळीव गुराढोरांना कसं ठेवलं जातं हे बघायला सरकारने नेमलेल्या ब्रँबेल समितीचा अहवाल आला. त्यातून पुढे जनावरांची 'पाच स्वातंत्र्यं' मांडली गेली. वेदना, इजा आणि आजार यांपासून मुक्तता हे त्यातलंच एक. त्यात 'आजार लवकर ओळखून तातडीने उपचार' असंही म्हटलेलं आहे. नव्या माणसाने 'लवकर' या शब्दाखाली रेघ मारून ठेवावी.

१. जनावर आणण्याआधी डॉक्टर नेमा

नवे लोक आधी जागा बघतात, मग पिंजरे, मग जनावरं, आणि पहिलं जनावर आजारी पडलं की डॉक्टर शोधतात. हा क्रम उलटा करा. पिंजऱ्याची जाळी किती बारीक असावी, नव्या जनावरांची खोली कुठे असावी, हवा कुठून कुठे खेळावी, फरशीचं पाणी कुठे उतरावं, हे डॉक्टरांनी रिकाम्या जागेत येऊन सांगायचं असतं. भिंती उभ्या राहिल्यावर ते सांगून उपयोग नसतो.

डॉक्टर निवडताना पदवीवर थांबू नका. कुत्र्या-मांजरांत मुरलेल्या डॉक्टरांनी आयुष्यात एकही सरडा तपासलेला नसेल, तर त्यात त्यांचा दोष नाही. पण तुम्ही सरडे विकणार असाल तर ते तुमचे डॉक्टर नव्हेत. सरळ विचारा: "हे प्राणी तुम्ही किती तपासता? पक्ष्याचं रक्त काढता येतं का? सशाला भूल देता का?" प्रामाणिक डॉक्टर नाही म्हणतील आणि दुसरं नाव सुचवतील. दोन डॉक्टरांत काम वाटलं तरी चालतं, फक्त कोणत्या जनावराला कोण, हे लिहिलेलं हवं.

मग लेखी करार करा. किती दिवसांनी भेट, रात्री-अपरात्री फोन कुणाला, डॉक्टर गावात नसतील तेव्हा बदली कोण, हे सगळं त्यात येऊ द्या. आणखी एक कलम मी प्रत्येक करारात आग्रहाने घालून घेते: डॉक्टरांना प्रत्येक पिंजऱ्यापर्यंत जायची मुभा असेल, आणि त्यांनी 'हे जनावर विकायचं नाही' किंवा 'आज हे लोकांसमोर आणायचं नाही' म्हटलं, की तो निर्णय शेवटचा. मालकाच्या मर्जीवर चालणारा डॉक्टर नेमला, तर नियम कागदावर पाळला जातो, जनावराच्या वाट्याला काही येत नाही. म्हणूनच मानधन भेटीचं ठरवा. विकल्या गेलेल्या जनावरामागे पैसे हा व्यवहार चुकूनही करू नका.

२. योजना लिहा, आणि ती पिंजऱ्यापाशी वापरता येईल अशी लिहा

डॉक्टर पूर्णवेळ तुमच्याकडे नसतील, तर लेखी योजना लागतेच. ते नसताना तुमच्या माणसांनी काय करायचं, ते यातच असतं. लसीकरण, जंत, पिसवा-गोचीड, आहार, साफसफाई, उंदीर-झुरळांचा बंदोबस्त, विलगीकरण, तातडीचे प्रसंग, वाहतूक, वेदनाशमन, दयामरण, हे विषय त्यात प्रत्येक प्रजातीसाठी वेगळे लिहावे लागतात.

माझ्यासमोर योजना येतात त्यातल्या बऱ्याच कुठून तरी उतरवलेल्या असतात. 'आजारी प्राण्यांवर योग्य ते उपचार केले जातील.' हे वाचून काल कामाला लागलेल्या मुलाला काय कळणार? त्याऐवजी असं लिहा: 'पिल्लाला दिवसात दोनदा पातळ शी झाली, किंवा एकदाही शीत रक्त दिसलं, तर त्याला लगेच आजारी खोलीत हलवा. पिंजऱ्यावर लाल चिठ्ठी लावा. एका तासाच्या आत डॉक्टरांना फोन करा. पिंजरा डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय दुसऱ्या जनावराला देऊ नका.' एवढं असलं की मालक बाहेरगावी असला तरी काम अडत नाही.

लसीकरणाच्या बाबतीत नव्यांची एक ठरलेली गफलत होते. 'पिल्लाला लस दिली आहे' याचा अर्थ 'पिल्लू सुरक्षित आहे' असा ते घेतात. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लशीला निष्प्रभ करू शकते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून दर दोन ते चार आठवड्यांनी डोस देत सोळा आठवड्यांच्या पुढे जावं लागतं. आठ आठवड्यांचं पिल्लू एका डोसावर दुकानात उभं असेल, तर ते अर्ध्या वाटेवर आहे असंच समजून त्याला जपा.

वीज गेली, पाणी तुंबलं, आग लागली तर काय करायचं, याचंही एक पान योजनेत असू द्या. माशांच्या टाकीतली हवा आणि सरपटणाऱ्यांची ऊब विजेवर चालते, हे पान त्यांच्यासाठी सगळ्यात आधी.

३. नवं जनावर थेट आत घेऊ नका

वाचकांनी इथे जास्त वेळ थांबावं असं मला वाटतं, कारण मी पाहिलेल्या मोठ्या साथींतल्या बहुतेक याच दारातून आत आल्या.

२००३ मध्ये घानाहून अमेरिकेतल्या टेक्सासला सुमारे ८०० छोटे सस्तन प्राणी विक्रीसाठी आले. त्यांत गालात पिशव्या असलेले मोठे आफ्रिकी उंदीर होते. त्यांतले काही इलिनॉयमधल्या एका व्यापाऱ्याकडे गेले आणि तिथे त्यांना प्रेअरी डॉग नावाच्या, खारीच्या कुळातल्या प्राण्यांजवळ ठेवलं गेलं. उंदरांच्या अंगात मंकीपॉक्सचा विषाणू होता, तो प्रेअरी डॉगमध्ये शिरला. पुढे ते प्रेअरी डॉग घरोघरी पाळायला विकले गेले, आणि सहा राज्यांत मिळून ४७ माणसांना हा आजार निश्चित किंवा संभाव्य म्हणून नोंदला गेला. आफ्रिकेबाहेर माणसांत मंकीपॉक्सची साथ येण्याची ती पहिलीच वेळ होती. नशिबाने कुणी दगावलं नाही. दोन जातींचे प्राणी शेजारीशेजारी ठेवले गेले, एवढंच निमित्त पुरलं.

तर विलगीकरणाची खोली म्हणजे खरोखरच वेगळी खोली. दुकानाच्या कोपऱ्यात ठेवलेला वेगळा पिंजरा म्हणजे विलगीकरण नव्हे. तिची हवा बाकीच्या खोल्यांत जाता कामा नये. तिथला झाडू, भांडी, चिमटे, चपला तिथेच राहतात. आम्ही त्यांना एकाच रंगाची पट्टी लावून घेतो, म्हणजे चुकून बाहेर आलं तर लांबूनच दिसतं. आधी निरोगी जनावरांचं काम, मग नव्यांचं, शेवटी आजाऱ्यांचं. उलट दिशेने जायचं नाही. जमलं तर आजारी खोलीसाठी माणूसच वेगळा ठेवा. आणि आजारी खोली आणि नव्यांची खोली एकच केली, तर नवं निरोगी जनावर तुम्ही स्वतःच्या हाताने आजाराशेजारी नेऊन ठेवता.

किती दिवस? जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जेवढे दिवस जातात, त्याहून जास्त. पार्व्होची, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना उलट्या आणि रक्ताचे जुलाब लावणाऱ्या विषाणूची, लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, कधी दोन आठवडे लागतात. ताप, खोकला आणि पुढे झटके आणणाऱ्या डिस्टेंपरला एक-दोन आठवडे किंवा अधिक. केस झडून गोल चट्टे पडणारा नायटा एक ते तीन आठवडे दबा धरतो. म्हणून पिल्लांना किमान दोन आठवडे, पक्ष्यांना निदान एक महिना, माशांना चार आठवडे आणि सरपटणाऱ्यांना दोन-तीन महिने असा हिशेब डॉक्टर सहसा धरतात. तुमचा आकडा तुमचे डॉक्टर ठरवतील.

आता विसरायची नाही अशी गोष्ट. खोलीत दहाव्या दिवशी आणखी एक नवं जनावर घातलं, की सगळ्यांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. म्हणून एक तुकडी एकदम आत, एकदम बाहेर. मध्ये खोली रिकामी, धुतलेली, सुकलेली.

धुण्यावरही दोन शब्द. पार्व्होचा विषाणू फरशीवर, लाकडात, मातीत महिनोन्‌महिने टिकतो आणि छान वास येणारी पुष्कळ फिनेलं आणि जंतुनाशकं त्याचं काही वाकडं करत नाहीत. घरगुती ब्लीच मारतं, पण त्याची रीत आहे. आधी शी, चारा, केस पूर्ण काढून फरशी साबणाने धुवायची, कारण घाणीवर ब्लीच ओतलं की ब्लीचच संपतं. मग एक भाग ब्लीच तीस भाग पाण्यात, त्याच दिवशी कालवलेलं, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग भरपूर पाण्याने धुवून वाळवायचं. ब्लीच आम्लात किंवा अमोनिया असलेल्या कशातही मिसळू नका, विषारी वायू होतो. लघवीतही अमोनिया असतो, म्हणूनही आधी धुणं.

४. रोज प्रत्येक जनावराकडे थांबून बघा

डॉक्टर महिन्यातून एकदा येतील, तुम्ही रोज आहात. नियमांतही बहुतेक ठिकाणी रोजची पाहणी लिहिलेली असते. ती डॉक्टरांनीच करावी अशी सक्ती नसते, मात्र पाहिलेलं डॉक्टरांपर्यंत लगेच पोचलं पाहिजे. इथे माझं एक मत आहे: पिंजरे साफ करणाऱ्या माणसाकडे डॉक्टरांचा नंबर असावा. निरोप आधी व्यवस्थापकाकडे, मग मालकाकडे, मग 'बघू उद्या' असा फिरत राहिला, तर तेवढ्यात जनावर हातचं जातं.

कसं बघायचं ते एका पक्ष्यावरून सांगते. एका दुकानात मी भेटीला गेले होते. पिंजऱ्यात पंधरा बजरीगर, म्हणजे छोटे पोपट, सगळे बडबडत होते. तिथे काम करणारी मुलगी म्हणाली, "डॉक्टर, तो निळा बघा ना. तो खातोय, पण त्याच्याखाली टरफलं कमी पडतायत." मी पाहिलं तर पक्षी दाण्याच्या वाटीत चोच घालत होता, दाणा उचलून टाकून देत होता. दुरून खाल्ल्यासारखंच दिसत होतं. हातात घेऊन छातीवरून बोट फिरवलं, तर उराचं हाड धारेसारखं लागलं. दोन्ही बाजूंचं मांस गेलेलं. मोजला तर २८ ग्रॅम. वहीत दोन आठवड्यांपूर्वीचं वजन ३४. पिसांच्या फुगाऱ्यात ते सहा ग्रॅम कुणालाच दिसले नसते. तिने टरफलं पाहिली आणि वहीत वजन होतं, म्हणून तो पक्षी वाचला.

पक्षी, ससे, गिनीपिग हे भक्ष्य होणारे प्राणी. आजार लपवणं त्यांच्या रक्तात आहे, कारण रानात दुबळा दिसेल तो आधी मरतो. त्यामुळे पक्षी पिसं फुगवून पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. ग्रॅममध्ये मोजणारा काटा घ्या, आणि वजन दहा टक्क्यांनी उतरलं की लक्षणांची वाट न बघता फोन करा. सशाच्या लेंड्या मोजायच्या नसतात, पण लहान झाल्या, सुकल्या किंवा दिसेनाशा झाल्या की कळलं पाहिजे. ससा बारा तास काही खात नसेल तर तो तातडीचा रुग्ण आहे. सकाळपर्यंत थांबायचं नाही.

सरपटणाऱ्यांच्या बाबतीत आजारी पडतो प्राणी, पण बिघडलेली असते बहुधा पेटी. तापमान एकीकडे ऊबदार, दुसरीकडे गार असं हवं, म्हणजे तो स्वतः जागा निवडतो. अतिनील किरणांचा दिवा दिसायला पेटता असला, तरी त्यातले कामाचे किरण काही महिन्यांत ओसरतात, म्हणून दिव्यावर लावल्याची तारीख लिहा आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदला. तो बदलला नाही की कॅल्शियम हाडांत जात नाही, आणि सरड्याचा जबडा रबरासारखा मऊ पडतो. गिनीपिगला क जीवनसत्त्व रोज लागतं, माणसासारखंच त्याचं शरीर ते बनवत नाही. महिनोन्‌महिने पडून राहिलेल्या खाद्यात ते उरत नाही. पक्ष्यांच्या खोलीजवळ न चिकटणारी भांडी तापवू नका, त्यांचा धूर पक्ष्याला मिनिटांत मारू शकतो.

५. औषधाचं कपाट कुलपात ठेवा

मागच्या वेळी उरलेली बाटली, शेजारच्या पिंजऱ्यातलीच लक्षणं, आणि डॉक्टरांची फी वाचवण्याचा मोह. या तिघांनी मिळून घात होतो. कुत्र्यांच्या पिसवांवरचं परमेथ्रिन मांजराला लावलं तर तिला झटके येतात. माणसाची पॅरासिटॅमॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. सशाला किंवा गिनीपिगला तोंडाने दिलेलं पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन आतड्यातले उपयोगी जंतू मारतं आणि त्यातून तो मरतो. जंतावरचं आयव्हरमेक्टिन कितीतरी जनावरांत वापरतात, कासवाला ते घातक आहे. हे सगळे प्रकार 'पूर्वी दिलं होतं, गुण आला होता' या वाक्याने सुरू झालेले मी पाहिले आहेत.

म्हणून औषधाचं नाव, मात्रा, किती दिवस, कुणासाठी, हे डॉक्टरांच्या हातचं लिहिलेलं नसेल तर बाटली उघडायची नाही. अँटिबायोटिक मध्येच थांबवायचं नाही, नव्या जनावरांना 'सावधगिरी म्हणून' द्यायचंही नाही. लशी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, फ्रिजच्या दारात नव्हे, मधल्या कप्प्यात, शेजारी थर्मामीटर. एकदा गोठलेली लस पुन्हा वितळली तरी कामाची नसते. मुदत संपलेलं काढून टाका. तपासणीस आले की आधी हेच बघतात.

६. लोकांसमोर आणायचं असेल तर जबाबदारी दुप्पट

निरोगी दिसणारी शेळी किंवा वासरू ई. कोलाय ओ१५७ हा माणसाला रक्ताचे जुलाब लावणारा जंतू शीतून टाकत असू शकतं. त्याला स्वतःला काहीच होत नाही. २००९ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात जनावरांना हात लावू देणाऱ्या एका फार्मवरून ९३ जणांना याची बाधा झाली, त्यांत बहुतेक लहान मुलं होती, आणि काहींची मूत्रपिंडं निकामी झाली. छोट्या कासवांवरून मुलांना साल्मोनेला या जंतूचे जुलाब होतात म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली. हे तुमच्या डॉक्टरांनी पाहुण्यांच्या बाजूनेही बघायला हवं.

बाहेर पडण्याच्या वाटेवरच, टाळता येणार नाही अशा ठिकाणी, वाहतं पाणी आणि साबण ठेवा. लहान मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. हातावर चोळायचं जेल शेणाने माखलेल्या हातावर चालत नाही. खाणं-पिणं, दुधाची बाटली, चोखणी हे जनावरांच्या भागात नको. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बायका आणि ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यासाठी सूचना ठळक लावा, आणि ती बोलून सांगणारा माणूस उभा करा, कारण पाट्या फार कमी लोक वाचतात.

जनावराची बाजूही तेवढीच. त्याला लोकांपासून दूर जाता येईल असा आडोसा हवा, आणि तो आडोसा पाहुण्यांच्या हाताबाहेर हवा. किती वेळ समोर, किती विश्रांती, हे डॉक्टरांसोबत ठरवून भिंतीवर लावा. पिलं घातलेली मादी, जुलाब लागलेलं, त्वचेवर चट्टे असलेलं जनावर त्या दिवशी आत राहील. रेबीजचा धोका असलेल्या जनावरांची लस वेळेत हवी. कुणाला चावलं तर जखम १५ मिनिटं साबणाने धुवायची, माणसाला लगेच दवाखान्यात पाठवायचं आणि जनावर जागेवरून हलवायचं नाही, विकायचंही नाही.

वेगवेगळ्या जाती एकत्र दाखवणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं: १९९४ मध्ये टांझानियातल्या सेरेंगेटी अभयारण्यातले सुमारे एक तृतीयांश सिंह डिस्टेंपरने मेले. हा कुत्र्यांचा म्हणून ओळखला जाणारा आजार. वाघ-सिंहांच्या आवारात लस न दिलेला राखणीचा कुत्रा नको.

७. काम करणाऱ्या माणसांची काळजी

१९२९-३० मध्ये पिंजऱ्यातल्या पोपटांवरून सिटाकोसिस या फुप्फुसांच्या आजाराची साथ अनेक देशांत पसरली, विकत आणलेल्या पोपटाच्या घरातली माणसं न्यूमोनियाने गेली. आज त्यावर औषध आहे, पण माणसांच्या डॉक्टरला सुचलं तर. म्हणून तुमच्या माणसांना सांगून ठेवा: ताप, खोकला, अंगदुखी घेऊन दवाखान्यात गेलात की पहिलं वाक्य 'मी पक्ष्यांत काम करतो' हे असू द्या. धनुर्वाताची लस सगळ्यांना. रेबीजची आगाऊ लस कुणाला लागेल ते डॉक्टरांना विचारा. वाळलेली विष्ठा झाडू नका, ओली करून पुसा.

८. विकताना सगळं हातात द्या

आजारी, उपचार चालू असलेलं, दूध न सुटलेलं जनावर विकायचं नाही. गिऱ्हाईक कितीही गळ घालो. जनावरासोबत लशींचा कागद, जंताच्या औषधाची तारीख, चालू खाद्य आणि तुमच्या डॉक्टरांचं नाव द्या. जन्मजात दोष असेल तर तो लिहून सांगा आणि सही घ्या. आठवडाभराने स्वतः फोन करून विचारा. त्या पिल्लाला जुलाब लागले असतील, तर त्याच वेळची उरलेली पिल्लं तुमच्याकडे अजून आहेत, आणि ही खबर तुम्हाला दुसरीकडून मिळणार नाही. परत आलेलं जनावर थेट जुन्या पिंजऱ्यात नाही, पुन्हा विलगीकरणात.

९. नोंदवही

महागडी प्रणाली लागत नाही. साधी रेघांची वही, प्रत्येक जनावराला किंवा गटाला एक पान, वर क्रमांक, कुठून आलं, कधी आलं. खाली रोज एक ओळ: तारीख, वजन, खाल्लं किती, शी कशी, काही वेगळं, सही. काही वेगळं नसेल तर 'ठीक' लिहा, रकाना रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्यावरून कुणी पाहिलं की नाही ते कळत नाही. डॉक्टर भेटीला आले की त्यांनी त्याच वहीत लिहावं, वेगळ्या कागदावर नको. मागाहून एका बैठकीत भरलेली वही ओळखू येते. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच घाईत असतात.

१०. मरणाबद्दल आधीच बोलून ठेवा

हे बोलायला जड जातं, मलाही. पण किती वेदना म्हणजे आता पुरे, हे शांत डोक्याने आधी ठरलेलं नसेल, तर जनावर विनाकारण दोन-तीन दिवस तळमळत राहतं, कारण प्रत्येकाला वाटतं निर्णय दुसऱ्याने घ्यावा. योजनेत लिहा: दयामरणाचा निर्णय डॉक्टरांचा, पद्धत डॉक्टरांची, ते उपलब्ध नसतील तर बदली डॉक्टर. मासा असो वा उंदीर, त्याच्यासाठीही त्रास न होणारी पद्धत ठरलेली हवी. पाण्यात सोडून देणं, फ्रीझरमध्ये ठेवणं हे मार्ग नव्हेत.

आणि अचानक मेलेलं जनावर पुरू नका, फेकू नका. हातमोजे घालून दोन पिशव्यांत बांधा, वर क्रमांक आणि वेळ लिहा आणि खाद्य-लशींच्या फ्रिजपासून वेगळ्या फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नको, गोठलं की पेशी फुटतात आणि तपासणीला फारसं काही उरत नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. एका मेलेल्या पक्ष्याच्या शवविच्छेदनावरून पिंजऱ्यातल्या बाकीच्या चौदांवर काय उपचार करायचे ते कळतं. निदान हाती येईपर्यंत त्या खोलीतून काहीही विकू नका. मग पिंजरा धुवा, वाळवा, आणि वहीत त्याच्या क्रमांकापुढे तारीख टाका, त्यात नवं जनावर कधीपासून ठेवता येईल त्याची.